मिठाला छापील पुरावा

मी कॉलेजात पोरांकडून ऑनलाइन ज्ञानकोशासाठी रसायनशास्त्राचे लेख लिहून घेतोय ना, त्यातलंच. मुर्धा गावच्या एका मुलीने मिठावर लिहिलं, ‘मिठागरातलं पाणी पूर्ण आटू दिलं तर मीठ कडू होतं.’

मी शेरा मारला, ‘संदर्भ?’

‘सर, माझे बाबा. मिठागरातच जन्म काढला त्यांनी.’

‘बाबा चालत नाहीत. छापील पाहिजे.’

आठवड्याने तिने पेपरचं कात्रण आणलं. त्यात होतं, पाणी पूर्ण आटलं की मीठ उत्तम.

‘मुलाखत बाबांचीच हाय सर. पत्रकाराने उलटं छापलं. आता कुठलं ठेवू?’

नियम माझाच. म्हटलं, ‘छापील.’

‘ठेवते. मीठ कडू निघालं तर संदर्भ तुमचा देईन.’