खलाशासाठी अर्धा तास

प्रयोगशाळेत साखरेच्या रिपोर्टची वाट पाहत बसलो होतो. बाकावर शेजारी एक म्हातारा आणि त्याची त्याहून म्हातारी ताई.

“या डीएनए तपासणीला थुंकी दिली की पार मूळ पुरुषापर्यंत सगळं कळतं, ताई.”

“बाबांचा खलाशीसुद्धा?”

“तोच तर शोधायचाय. जहाज फुटल्यावर पिंपावर बसून किनाऱ्याला लागलेला आपला परदेशी खापरपणजोबा.”

“आणि नाही सापडला तर?”

“तर बाबांची थाप.”

“दर रविवारी सांगायचे रे. पिंप म्हणून तुला उशीवर बसवायचे.”

“आणि तू लाट व्हायचीस. ढकलून द्यायचीस मला!”

“घे, ही गोळी चघळ. घसा बसलाय तुझा.”

तेवढ्यात तपासनीस बाई नळी घेऊन आल्या.

“आजोबा, अर्ध्या तासात काही खाल्लं नाही ना?”

“ताईनं आत्ताच गोळी दिली.”

“मग आता अर्धा तास थांबा.”

“ताई! समोर एवढी मोठी पाटी आहे. वाचली नाहीस?”

“दोनदा वाचली.”

म्हाताऱ्यानं गोळी या गालातून त्या गालात सरकवली.

“अर्धा तास आहे अजून. सांग ना, पिंपात काय होतं?”

“बाबा दर वेळी वेगळं सांगायचे. कधी मध, कधी बंदुकीची दारू.”

“पहिल्यापासून सांग.”

“सांगतो. पण आधी तू लाट हो.”

बाकाच्या टोकाला मी होतो. पडता पडता वाचलो.