काशाचे वाडगे आणि हिची झोप

निवृत्त झालो तेव्हा सगळे म्हणाले, आता वहिनींना वेळ द्या. दिला. तीन महिन्यांत हिची झोप उडाली. त्यामुळे आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या हॉलमध्ये काशाचे वाडगे वाजवून मन शांत करणाऱ्या एक बाई आल्या, तेव्हा मीच हिला घेऊन गेलो.

वाडगे घुमू लागले. बाई म्हणाल्या, "डोळे मिटा. ज्या आवाजाने आजवर सगळ्यात शांत वाटलं, तो आठवा. काकू, तुमचा कुठला?"

ही डोळे मिटूनच म्हणाली, "सकाळी हे ऑफिसला गेले ना, की मागे दार बंद व्हायचं. तो."

अख्खा हॉल हसला. नाइलाजाने मीही हसलो. ही तेवढी हसली नाही. तिला गाढ झोप लागली होती.