हवेतले आठ पाय

बैल उडते का, हे मले अजूनही पक्कं मालूम नाही, बाप्पा.

दारव्ह्याकडच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, एका खेळाच्या मासिकवाल्यानं माह्या जोडीचा फोटो काढून कव्हरवर छापला. दुसऱ्या साली तो मासिकवाला तोच अंक घेऊन पटावर आला. पाह्यतो तं आठही पाय हवेत! एक खूर जमिनीले टेकला नव्हता.

माहा साळा नामदेव, ज्याची जोडी दर साली माह्या मागं राह्यते, तो सगळ्यायसमोर म्हणे, "भाऊजी, हे कंपुटरचं काम हाय. बैल काय पाखरू हाय?"

"फोटो खरा हाय, लेका!"

"मंग सोताच्या डोळ्यानं पाहून सांगा."

लोक हासले. मले राग आला. पण मलेही पाहाचंच होतं. जन्म बैलामागं गेला, पण धावत्या बैलाच्या पोटाखालून कोण पाहते? मी धोतर खोचलं अन् धावपट्टीच्या कडेले पालथा पडलो. जोडी धाडधाड करत कानाजवळून गेली. उठून धूळ झटकली अन् ठणकावलं, "पाह्यलं! आठही वर!"

नामदेव आपल्या जोडीकडं निंगून गेला.

मंग नवा अंक आला. कव्हरवर मी पालथा पडलेला, अन् माह्या बाजूनं जोडी, आठही पाय हवेत.

नामदेवनं अंक नाकाजवळ नेला. "भाऊजी, मानलं. फोटो एकदम खरा हाय. पण तुमचे डोळे तं गच्च मिटले हायेत!"

मी म्हटलं, "ते कंपुटरनं मिटवले असतील."