जंगल न्हाई म्हणून लिवा

न्हाई न्हाई ताई, ते 'घनदाट' आधी खोडा. कुणी सांगितलं तुमाला? सेनगावात सांगितलं आसंल — तिथं चार पळसं दिसली की लोक जंगल म्हणतेत. तुमी तालुक्याचं पुस्तक काढून राहिल्या, चांगली गोष्ट हाय, पण आमच्या तांड्याच्या पानावर एवढंच लिवा — माळ हाय, खडक हाय, काटेरी झुडपं हायेत. थावरा नायकानं सांगितलं म्हणा, माझं नाव घाला. काहून म्हणता? आवो, रस्ता पायजे. मागं रस्त्याचे साहेब येऊन गेले, म्हणले नायक, तुमच्याकडं जंगल दाट, परवानगी अडते. आता तुमच्या पुस्तकात बी तेच छापून आलं तर त्यायला आयतंच सापडलं. आन आमची सून हाय ना, निता, तिचे दिवस भरत आले. पोटुशी बाई हितून खाली डांबरीपर्यंत खांद्यावर न्यावी लागते. गेल्या साली शेजारच्या जगनची बायको अर्ध्या उतारावरच बाळंत झाली. लेकरू हाती लागलं न्हाई.

तर झुडपं लिवा. — ते व्हय? ते मोर ओरडलं. असतेत दोन-चार. दोन-चार कशाचे, वावरात पेरलेलं दाणा ठेवत न्हाईत, एवढे हायेत. पण ते लिवू नका. तडस बी लिवू नका. आन त्या घळीतला बिबट्या — त्याचं तर नावच काढू नका, गरीब हाय बिचारा, कुत्र्याबिगर कशाला तोंड लावत न्हाई.

हे मोहाचं? बघा की, वर बघा. दोघायच्या कवेत मावत न्हाई. हे माझ्या आजाच्या बैलाचं. आमची माणसं पयले बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर फिरत — बैल मेला की तिथंच पुरायचा, वर मोह लावायचा, आन त्या झाडाला कुऱ्हाड लावायची न्हाई, नाव बी बैलाचंच. ते तिकडलं राजा, ते वाकडं पाखऱ्या. थकलेले बैल ह्याच टेकडीवर आणून सोडत, पाणी होतं म्हणून. ही सारी टेकडी आवो आमी लावली, दुसऱ्या कुणी न्हाई. सगळ्या तालुक्यात अशी सावली दाखवा मला. — हे लिवलं का तुमी? लिवलंच. माझं तोंडच तसलं.

व्हय, साहेबानं एक तोड काढली होती, खोटं काहून बोलू. म्हणले गावठाणातलं एक झाड पाडा, रस्ता जंगलाच्या भायेरून नेतो, परवानगीची तकलीफच न्हाई. एकच झाड. पण ते माझ्या हौश्या बैलाचं. माझ्या हातानं पुरला मी त्याला. तरी बी कुऱ्हाड घेऊन गेलतो — सुनेपेक्षा झाड मोठं हाय का? न्हाई ना. मनाला बराबर समजावलं होतं मी. तर ही निता, एवढं पोट घेऊन, बुडाशी येऊन बसली. म्हणली, "मामंजी, हौश्यानं लग्नाची गाडी ओढली म्हणून मी ह्या घरात आली. मी उठणार न्हाई." सांगा आता, जिच्यासाठी रस्ता पायजे तीच आडवी. रडू आलं मला, तिच्यासमोरच आलं.

लिवा मंग. घनदाट लिवा, मोर लिवा, बिबट्या बी लिवा. आन ताई, आता उठा त्या बाजेवरून. सुतळी आवळून घ्यायची हाय तिची, निताला तिच्यावरच खाली न्यायचं हाय.