मीनाचं हारमोन

या, जवळ सरका. दोन हजार चार सालची, औंढ्याला जाणाऱ्या जीपमधली गोष्ट सांगतो. तांड्यावरच्या रूपाबाईच्या मांडीवर लेकीच्या कॉलेजचं छापील पुस्तक होतं. शेजारी भजनाच्या पेट्या, म्हणजे हारमोनियम, दुरुस्त करणारे कादरचाचा.

"चाचा, माझी मीना हारमोनवर काम करून राहिली."

"सूर बसत न्हाई का? आण दुकानात."

"पेटी न्हाई वो! मेंदूतला रस असतो. उंदरीण पिल्लांना काहून जवळ घेते, ते सर अन् पोरं मिळून शोधून राहिलेत."

"उंदरीण? ती तर पेटीचा भाता कुरतडते!"

"हसू नका. पोरीचं नाव ह्या पुस्तकात छापलं म्हणे. मला वाचता येत न्हाई. हाय का बघा."

"सरांचं हाय... त्याखाली... मीना मोहनसिंग राठोड. बराबर!"

"बोट ठेवा तिथं."

रूपाबाईनं वाकून त्या नावाला कपाळ लावलं.

मंडळी, कीर्तनात पेटीचा सूर लागला, की त्या हारमोनवाल्या मीनाला आठवा.