पाव फेरा, त्यापुढे नाही

हॅलो? बोल ताई… आवाज पिंपातून आल्यासारखा का येतोय? …गाडीखाली आहेस? मग बरोबर.

हो, गॅरेजमध्येच आहे. मालक जेवायला गेलेत, बोल निवांत. …थांब, आधी सांग, गाडी स्टँडवर आहे ना? नुसत्या जॅकवर नाही ना? …चारही? छान. आता तू जिवंत राहशील असं धरून बोलू.

इंजिनचं जुनं तेल गळून गेलं? मग तळाचा बोल्ट परत लावायचा. …बाबा कुठे आहेत? …खुर्ची टाकून? कमरेला पट्टा लावून?

काय म्हणतायत? …एक थेंब जरी गळला तरी गाडी विकणार? …चार वाजता माणूस येतोय बघायला? अगं, मग हे आधी नाही का सांगायचं! …हो, हो, माहितीये, बावीस वर्षं तेल स्वतः बदललं. आता वाकता येत नाही म्हणून गाडी विकायची. म्हणजे गुडघे दुखले की जिना विकायचा.

ऐकू गेलं त्यांना? …स्पीकरवर आहे? …नमस्कार, बाबा.

अगं ऐक ना, घाबरतेस काय? रोज लोकांच्या जबड्यात स्क्रू बसवतेस. हा पेशंट त्यांच्यापेक्षा शहाणा, मध्येच चूळ भरायला उठत नाही.

बोल्ट पुसलास? जुना वॉशर काढलास? …पडला नसेल, चिकटून बसतो, नखाने बघ. …निघाला ना! फेक. नवा घाल. एकावर एक बसले तर दोघं मिळून गळतात.

आता पाना लांब ठेव. नुसत्या बोटांनी फिरव. …अडतोय? मग जोर नको! उलटा काढ, सरळ धरून पुन्हा लाव. वाकडा घुसला की आटे गेले, आणि आटे गेले की बोल्ट जन्मभर गरगर फिरतो. …आता? आपोआप जातोय? वा. …टेकला?

आता पाना. छोटा. पाव फेरा. …पाव गं! घड्याळात बारावरून तीनवर. वॉशर दबला की हाताला कळतं… कळलं? दाताची कॅप बसल्यासारखं? मी कधी बसवली नाही, पण असेल. सोड आता. हात काढ.

बाबा काय देतायत आत? …पाइप? पान्यावर चढवून जोर लावायला?

बाबा, पाइप नको. …हो, तुम्ही बावीस वर्षं लावलात. घरातले नळही तुम्हीच बंद करायचात, आम्ही दोघं पक्कड घेऊन अंघोळीला जायचो. …उलट नाही बोलत, बाबा. तळाचं चेंबर ॲल्युमिनियमचं आहे. मी इथे लागलो त्या आठवड्यात एक बोल्ट असाच आवळला. आटे सोलून हातात आले. मालकांनी ते बघितलं. फक्त चहा प्यायले. माझासुद्धा.

ताई, पाइप परत दे. नम्रपणे.

आता बाहेर ये आणि वरून नवं तेल ओत. …हो, गाडी सुरू करायच्या आधी. विनोद नाही हा, लोक विसरतात. …तेल मोजायची पट्टी बघितलीस? दोन खुणांच्या मध्ये? मग खाली कागद अंथर.

…पेपरचं कुठलं पान? …श्रद्धांजलीचं? बाबांनी निवडलं? बरं.

न्यूट्रल आहे ना? कर सुरू. …ऐकू येतंय. खाली शिरू नकोस, बाजूने टॉर्च मार.

काय? …थेंब? …एकच ना? कुठे? …निवृत्त मुख्याध्यापकांच्या फोटोवर?

बाबा उठले? …अगं ऐक ना, ऐक! गाडी बंद कर. पान्याला हात लावू नकोस. …ते म्हणू देत ‘आवळ’, तू आवळू नकोस! दाढ काढल्यावर रक्त आलं तर दुसरी दाढ काढतेस का? …मग काय करतेस? …कापूस. बरोबर. फडकं घे. बोल्ट पूस, चेंबरची कड पूस, मागचे कोपरे पूस. मघाशी तेल काढताना ओघळलं असेल, तेच असणार. …खात्री? आहे. …नव्वद टक्के. पूस तू.

…नवा कागद टाक. पुन्हा सुरू कर.

…आहे गं, कुठे जातोय?

…पाच मिनिटं झाली? बंद कर. कागद? …कोरा? बोल्टखाली बोट फिरव. जपून, गरम असेल. …कोरडं? परत फिरव. …कोरडं!

बाबा काय करतायत? …कागद उजेडात धरलाय? …आता मागची बाजू?

दे त्यांना. …हॅलो, बाबा. …हो, पाव फेराच. …नाही, मी नुसता बोललो, हात तिचा. …तुमच्यावरच गेलाय, फक्त तिला थांबता येतं.

काय? …एवढं हळू का बोलताय? स्पीकर बंद केलात? …फोन ठेवू? …याच्यावरून त्या चारच्या माणसाला लावायचाय? …काय सांगणार? …गाडी देऊन टाकली? कोणाला?

…तिला सांगितलंत का? …अहो, ती तुमच्या पायाशी, गाडीखालीच आहे ना! …हो. …मग आधी तिला सांगा, बाबा. माणसाला नंतर लावा.

ठेवतो.