हात वर केला की जबडा निघतो

...अहो, हसताय काय! हात वर केला की जबडा निघतो, यात हसण्यासारखं काय आहे? माझा नाही हो, मास्तरांचा! मी कार्टूनच्या अंगात हाडं बसवतो, तेच माझं पोटापाण्याचं. कॉम्प्युटरमध्ये आधी आतला सांगाडा घालायचा, मग कुठल्या हाडामागे कुठली कातडी जाणार ते ब्रशने रंगवून द्यायचं. तर हे कार्टूनमधले मास्तर जाहिरातीत पोरांना रस्ता ओलांडायला शिकवणार, म्हणजे हात वर हवाच, आणि हात वर केला की जबडा निघतो, थेट खांद्यापर्यंत! आणि दुपारी जाहिरातवाल्या बाई बघायला येणार!

तुम्हाला सांगतो, मला भीती बाईंची नव्हती. भीती आमच्या साहेबांची. ओरडणारे साहेब परवडले हो, आमचे हळू बोलतात! माझ्या आधी लंबू होता, त्याच्या घोड्याचा गुडघा उलटा वळला, तर साहेब इतक्या मायेने म्हणाले, ‘जरा विश्रांती घ्या.’ झालं! लंबूची खुर्ची आता माझ्याकडे आहे, आणि ती अजून त्याच्याच उंचीला अडकलीय, माझे पाय टेकत नाहीत.

मग शोधाशोध... खांदा तपासला, कोपर तपासलं, बायकोला फोन केला, ती म्हणाली, बंद करून परत चालू करून बघा. बघितलं! हात वर, जबडा बाहेर! आणि मागे साहेब येऊन उभे, ‘जमतंय ना?’ हळू! शेवटी सापडलं एकदाचं. हनुवटी रंगवायला घेतली तेव्हा निवडलेलं हाड मनगटाचंच राहिलं होतं. म्हणजे मास्तरांची हनुवटी मनगटाच्या मालकीची! रंग पुसला, जबडा बसला. पण भीती जाते का? बाईंच्या समोर पुन्हा निघाला तर? म्हटलं, नकोच ती कटकट, आणि जबड्याचं हाडच काढून टाकलं!

बाई आल्या. मास्तरांनी हात वर केला... जबडा जागच्या जागी! बाई खूश, साहेब खूश, मला नुसतं रडू फुटायचं बाकी. आणि बाई म्हणतात, ‘आता बोलू दे त्यांना.’

बोलू दे? जबडा हलवायचं हाड कुठंय! साहेब माझ्याकडे वळले, अगदी मायेने, ‘बोलू द्या ना.’ अहो, मास्तर पडद्यावर हात वर करून गप्प, मी पडद्याखाली दोन्ही हात वर करून गप्प...

तर सध्या विश्रांती चालू आहे. आणि माझा जबडा? बघताय ना, तेवढा एकटाच कामावर आहे.